मालीमच्या जेटीवरचा टायर

गोव्यात मालीमच्या जेटीला ट्रॉलर लागतो तेव्हा आवाज होतो ‘धप्’ असा, बसका. बाजूला दोरांनी लटकवलेले जुने टायर मधे येतात, चेपतात आणि टनावारी वजनाची बोट थांबते. त्यांच्या जागी पोलादी स्प्रिंगा असत्या, तर त्यांनीही धक्का घेतला असता. पण घेतला तेवढा जवळजवळ सगळा परत केला असता. बोट पुन्हा मांडवी नदीत ढकलली गेली असती आणि दोर घेऊन उभ्या खलाश्याने चार शिव्या हासडल्या असत्या. टायर धक्क्याचा काही भाग गिळून टाकतो. गिळलेला भाग रबरात उष्णता होऊन जातो.

अशा पदार्थांना व्हिस्कोइलॅस्टिक म्हणतात. अर्धा स्वभाव स्प्रिंगचा, अर्धा काकवीचा. स्प्रिंग फक्त किती दाबलं ते बघते, काकवी फक्त किती वेगाने ढवळलं ते. रबर, फोम, बहुतेक प्लॅस्टिकं, आपल्या गुडघ्यातली कूर्चा, ही मंडळी दोन्ही बघतात. आत रेणूंच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. सावकाश दाबलं तर त्या सरकून जागा करून देतात. अचानक ठोसा मारला तर सरकायला सवड मिळत नाही आणि पदार्थ ताठरतो. ही सवड किती लागते, त्याला शिथिलन-काळ म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६७ मध्ये ही कल्पना मांडली.

असे पदार्थ धक्का किती गिळतात ते आघात-चाचणीत मोजतात. गोव्यात तिचं उदाहरण द्यायचं तर फुटबॉल सोडून कुठे जाणार! फिफाच्या चाचणीत चेंडू २ मीटरवरून पोलादी पाटावर सोडतात. उच्च दर्जाच्या चेंडूने २० अंश सेल्सिअसला १३५ ते १५५ सेंटिमीटर उसळायला हवं. म्हणजे उत्तम चेंडूही पाव ते तिसरा हिस्सा ऊर्जा गमावतो. आतली हवा जवळपास निर्दोष स्प्रिंग असते. चोरी मुख्यतः कातडं आणि ब्लॅडर करतात. मला यात गंमत वाटते ती तापमानाची. २० अंश ही फातोर्ड्याच्या स्टेडियममधल्या प्रेक्षकाला थंडीच वाटेल, पण आकडा ठरवल्याशिवाय निकालाला अर्थ नाही. गरम झालं की साखळ्या चपळ होतात आणि कमी वेळात सरकतात. म्हणून पदार्थ थंड करणं आणि त्यावर जास्त वेगाने आदळणं, दोन्हींचा परिणाम बराचसा सारखाच होतो.

कारखान्यातल्या प्रयोगशाळांत सर्रास दिसतो तो फ्रेंच अभियंता शार्पीचा लंबक, १९०१ पासूनचा आणि मुळात धातूंसाठीचा. खाच पाडलेल्या पट्टीवर हातोडा सेकंदाला तीन-चार मीटर वेगाने येतो, पट्टी मोडतो आणि पलीकडे जितका कमी चढतो तितकी ऊर्जा पट्टीने खाल्ली. सोपं, स्वस्त, आणि माझ्या मते मऊ पदार्थांच्या बाबतीत थोडं फसवं, कारण हाती एकच आकडा येतो. एक पट्टी ताठ राहून ताडकन तुटली आणि दुसरी ताणत ताणत मोडली, तरी दोघींचा आकडा सारखा येऊ शकतो.

त्यापेक्षा वजन वरून टाकून, त्याच्या टोकाशी बलमापक बसवून मिलिसेकंदागणिक बल नोंदवणं बरं. नमुना तुटला नाही तर आलेखावर दाबतानाची एक रेघ आणि सुटतानाची तिच्या खालून परतणारी दुसरी रेघ मिळते. मधली फट म्हणजे गिळलेली ऊर्जा. फक्त त्या रेघेवरच्या लहान लहान लाटा पदार्थाच्या समजू नयेत. त्या बहुधा हातोड्याच्या स्वतःच्या थरथरीच्या असतात, आणि नवशिका इथे हमखास फसतो.

आणखी एक अडचण आहे. आघाताची लहर पोलादात सेकंदाला सुमारे ५,००० मीटर धावते. मऊ रबराच्या दांड्यात ५० मीटरच्या आसपास रेंगाळते. १ सेंटिमीटरचा रबरी नमुना ओलांडायला तिला ०.२ मिलिसेकंद लागतात. फार वेगवान चाचणीत एक बाजू चेपलेली असते आणि दुसऱ्या बाजूला अजून खबरच नसते. म्हणून अशा चाचण्यांत मऊ पदार्थांचे नमुने पातळ चकत्यांसारखे घेतात.

आमच्याकडच्या हवेला मात्र या खेळात मोठं स्थान आहे. ‘नायलॉन ६’ नावाचं प्लॅस्टिक पाणी पितं, अगदी तुडुंब प्यायलं तर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास. पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांना मोकळं करतात. कोरड्या नायलॉनच्या साखळ्या साधारण ५० अंशांच्या खाली गोठल्यासारख्या राहतात. ओल मुरली की हा उंबरठा खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरतो. त्यामुळे साच्यातून नुकतीच निघालेली कोरडी पट्टी लंबकाखाली ठिसूळ ठरते, आणि तीच पट्टी जुलैभर पणजीच्या दमट हवेत ठेवली तर जास्त मार सोसते. पावसाने चिवट होणारी वस्तू कोकणपट्टीत विरळाच!

पावसावरून आठवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले असतात. धक्का मिलिसेकंदात येतो, हा दाब ६१ दिवस टिकतो. मधे चेपलेल्या टायरांचं रबर हळूहळू ढिलं पडतं, सुरुवातीला जितक्या जोराने ढकलत होतं तितकं ढकलेनासं होतं. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की ते टायर बघा. लगेच गोल होत नाहीत, चपटेच लोंबत असतात आणि सावकाश आपला आकार परत घेतात, काही तर पुरता घेतच नाहीत.