कांगडा खोऱ्यातील लोहमार्ग, रस्ते व बाजारगावे

हिमाचल प्रदेशात उत्तरेकडील धौलाधार रांग आणि दक्षिणेकडील शिवालिक टेकड्या यांच्यामध्ये पसरलेल्या कांगडा खोऱ्यात दळणवळणाच्या दोन मुख्य वाटा आहेत : पठाणकोट–जोगिंदरनगर हा १६४ किमी. लांबीचा नॅरो गेज लोहमार्ग आणि पठाणकोट–मंडी राष्ट्रीय महामार्ग. डोंगरी मुलखात वाट सहसा नदीचा काठ धरून चढते. इथे तसे नाही. बियास नदी खोऱ्याच्या दक्षिण अंगाने वाहते, तर गावे आणि भातशेती बरीचशी धौलाधारच्या पायथ्याशी आहे. त्या रांगेतून उतरणारे बनेर, न्यूगल यांसारखे प्रवाह, ज्यांना तेथील लोक ‘खड्ड’ म्हणतात, बियासला जाऊन मिळतात आणि दोन्ही वाटांना ते एकेक करून आडवे ओलांडावे लागतात. म्हणून या लोहमार्गावर बोगदे दोनच आहेत, पण लहानमोठे पूल नऊशेहून अधिक. त्यांतला रेओंड नाल्याच्या खोल घळीवरचा पोलादी कमानपूल सर्वांत देखणा म्हणावा लागेल.

लोहमार्गाचे मूळ कारण प्रवासी नव्हते. मंडी संस्थानात उहल नदीच्या पाण्यावर वीज निर्माण करण्यासाठी १९२५ मध्ये राजा जोगिंदर सेन यांच्याशी ९९ वर्षांचा करार झाला आणि शानन येथील वीजगृहाची अवजड यंत्रे तेथवर पोहोचवणे भाग पडले. रुळांमधले अंतर ७६२ मिमी. ठेवण्यात आले. १९२६ मध्ये बांधणी सुरू झालेल्या या मार्गावर डिसेंबर १९२८ मध्ये मालगाड्या आणि एप्रिल १९२९ मध्ये प्रवासी गाड्या धावू लागल्या. शेवटच्या स्थानकाभोवतीचे गाव पूर्वी सुक्राहट्टी म्हणून ओळखले जाई. त्याला जोगिंदरनगर हे नाव राजावरून पडले.

मार्ग एकदा उखडला गेला आणि एकदा सरकला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, नगरोटा ते जोगिंदरनगर हा भाग काढून घेण्यात आला. तो १९५४ मध्ये पुन्हा जोडला गेला. पुढे बियासवरील पोंग धरणाच्या जलाशयात खालच्या टप्प्यातील मार्ग बुडणार असल्याने जवांवाला शहर ते गुलेर यांदरम्यान १९७०च्या दशकात तो नव्याने टाकावा लागला. याच जलाशयाने अनेक गावे पोटात घेतली, आणि विस्थापितांपैकी पुष्कळांना राजस्थानात जमिनी देण्यात आल्या.

गावांची घडण पाहताना स्थानकांच्या नावांवर फार विसंबू नये. ज्वालामुखी रोड हे स्थानक रानीताल येथे असून देवीचे मंदिर तेथून सुमारे २० किमी. दूर आहे, पालमपूरचे स्थानक मारंडा येथे आहे, चहामळ्यांचे गाव वरच्या अंगाला राहते. १८५५ मध्ये कांगड्याहून जिल्ह्याचे ठाणे ज्या धर्मशाळा या गावी हलले, तिथे तर रेल्वे कधीच पोहोचली नाही. कांगडा या एका गावाला मात्र दोन स्थानके आहेत, एक गावाच्या नावाचे आणि दुसरे ‘कांगडा मंदिर’. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात हे गाव जमीनदोस्त झाले होते, त्यामुळे लोहमार्ग आला तो पुन्हा उभ्या राहिलेल्या गावात. दुकाने, धान्याचा व्यापार आणि बसथांबा आज महामार्गालगत एकवटलेला दिसतो. नगरोटा बगवान किंवा बैजनाथ येथे बसमधून उतरणारा माणूस थेट बाजारात पाऊल टाकतो. गाडीतून उतरणाऱ्याला तो बाजार गाठावा लागतो.

पावसाळा दोन्ही वाटांना सारखाच छळतो. दरडी कोसळतात, खड्डांना लोंढे येतात आणि गाड्या कित्येक दिवस बंद राहतात. ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा रेल्वेपूल पुरात कोसळला, तेव्हा प्रश्न अधिक अवघड झाला, कारण हा पूल पठाणकोटच्या दारातच होता आणि नॅरो गेजला वळसा घालण्यासाठी दुसरा मार्ग नाही. त्यानंतर गाड्या नूरपूर रोडपासून पुढे सोडल्या गेल्या आणि ब्रॉडगेजने पठाणकोटला उतरलेल्या प्रवाशाला मधला तुकडा बसने पार करावा लागला.