छोट्या कुत्र्याची गादी: जितकी मऊ, तितकी चांगली?

‘लहान जातीचं कुत्रं नाजूक असतं, म्हणून त्याला मिळेल तितकी मऊ, फुगीर गादी द्यावी,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची माया खरी, निष्कर्ष मात्र चुकीचा.

नुसतं फायबर भरलेली गादी वापराने मधोमध दबते. मग अंगाखाली फरशीच लागते आणि कडा तेवढ्या उंच राहतात. म्हाताऱ्या किंवा डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला त्या खड्ड्यातून उठायला जास्त जोर लावावा लागतो. तीन-चार किलोच्या पॉमेरेनियनला ५ ते ७ सेंटिमीटरचा घट्ट फोम पुरतो.

खात्री दुकानातच करता येते. गादी जमिनीवर ठेवून मध्यावर तळहात दाबा. खालची जमीन हाताला लागली, तर ती घेऊ नका. हात काढल्यावर खड्डा तसाच राहिला, तरीही नको. हळूहळू भरून येणारा मेमरी फोम चालेल.

माप कुत्रं अंग ताणून झोपलेलं असताना घ्या: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, अधिक १५ ते २० सेंटिमीटर. चढायची बाजू सखल हवी.

उन्हाळ्यात ते गादी सोडून फरशीवर पसरत असेल, तर बहुधा उकडतंय. केसाळ खोळ काढून सुती घाला.