एक हजार चोवीस कप्पे

कोलकात्यात आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावर ११३ क्रमांकाचं एक जुनं घर आहे. एकेकाळी ते राजा राममोहन रॉय यांचं होतं, आज तिथे कोलकाता पोलिसांचं छोटंसं संग्रहालय आहे. मी तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबले ती एका पुस्तकापाशी. कायद्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, आणि त्याची पानं मधोमध चौकोनी कापून आत केलेली पोकळी. १९०८ साली त्या पोकळीत कोकोचा रिकामा डबा बसवला होता, डब्यात पिक्रिक आम्ल हे स्फोटक होतं. पुस्तक उघडलं की स्फोट व्हावा अशी रचना. ते स्वदेशीच्या कार्यकर्त्यांना कठोर शिक्षा देणाऱ्या इंग्रज मॅजिस्ट्रेट किंग्जफोर्डच्या घरी पोचवलं गेलं. कुणीतरी उसनं नेलेलं पुस्तक परत आलं असेल असं समजून त्यांनी ते न उघडताच ठेवून दिलं. पुढे बदली झाली, तेव्हा सामानासोबत ते मुझफ्फरपूरला गेलं आणि वर्षभराने पोलिसांच्या हाती लागलं.

हा बॉम्ब बनवला हेमचंद्र दास यांनी. स्वतःची मालमत्ता विकून ते पॅरिसला गेले आणि तिथे एका रशियन क्रांतिकारकाकडून ही विद्या शिकले. त्यांच्याबरोबर शिकणारा दुसरा तरुण पारनेरचा होता, पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट. पुढे मुझफ्फरपूरला किंग्जफोर्डची समजून दुसऱ्याच गाडीवर बॉम्ब टाकला गेला, त्यावर ‘केसरी’त लेख आले आणि त्या लेखांपायी टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. मराठी माणसाला त्या काचेपुढून चटकन हलता येत नाही ते यामुळे.

पण मला तिथे राहून राहून दुसराच हेमचंद्र आठवत होता. त्याच शहरात, त्याच काळात, सरकारच्या बाजूला बसून काम करणारा सबइन्स्पेक्टर हेमचंद्र बोस. त्याने आणि त्याचा सहकारी अझीझुल हक याने जे केलं ते काचेमागे ठेवता येण्यासारखं नाही, कारण ते गणित होतं. जगभरच्या पोलिसांनी शतकभर हेच गणित वापरलं.

अडचण काय होती ते आधी बघू. चोर पकडला जातो, नाव सांगतो, शिक्षा भोगतो, सुटतो. पुन्हा दुसऱ्या जिल्ह्यात पकडला जातो तेव्हा वेगळं नाव सांगतो. हा तोच, हे ओळखायचं कसं? फ्रान्समध्ये बर्तियों यांनी शरीराची मापं घ्यायची पद्धत काढली होती: डोक्याची लांबी, मधल्या बोटाची लांबी, पाऊल, अशी ११ मापं. बंगालच्या पोलिसांनीही ती घेतली. पण दोन शिपायांनी एकाच माणसाला मोजलं तर मापं जुळत नसत, आणि शेकडो मैलांवरच्या ठाण्यांत सगळ्यांचा हात सारखा बसवणं अवघड होतं.

बोटांचे ठसे तोवर बंगालात माहीत होते. १८५८ साली जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा कागदावर उमटवून घेतला. उद्या हा माणूस सही नाकारू नये, एवढाच त्यामागचा हेतू. नंतर हर्शेलच्या लक्षात आलं की वर्षांमागून वर्षं गेली तरी ठसा बदलत नाही. आपल्याकडच्या खरेदीखतांवर ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहिलेलं दिसतं, त्या शब्दांमागे असा लांबचा इतिहास आहे. इंग्लंडात शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८९२ साली ठशांवर पुस्तक लिहून ते कायम टिकतात आणि दोघांचे सारखे नसतात, हे आकडेमोडीने मांडलं.

तरीही खरा पेच उरलाच होता. समजा, तुमच्याकडे लाखभर कैद्यांच्या ठशांचे कागद आहेत. आज एक नवा माणूस पकडून आणला. त्याचा कागद त्या लाखांत आहे का, हे शोधणार कसं? नावाप्रमाणे लावून उपयोग नाही, नाव तर खोटं आहे. म्हणजे ठशालाच नाव द्यायला हवं.

हक हे प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे विद्यार्थी. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी त्यांना खास या कामासाठी घेतलं. हक यांनी काढलेली युक्ती इतकी साधी आहे की ती आत्ता तुमच्याच बोटांवर करून बघता येईल. उजेडात बोटांची टोकं नीट बघा. रेघा मधोमध गोल फिरलेल्या असतील तर ते चक्र. एका बाजूने आत येऊन वळून त्याच बाजूने बाहेर गेल्या असतील तर फास, ज्याला हात पाहणारे शंख म्हणतात. टेकडीसारख्या चढून पलीकडे उतरल्या तर कमान. कमानी फार कमी, फास सर्वांत जास्त.

आता एकच प्रश्न विचारायचा: या बोटावर चक्र आहे की नाही? उजव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १ ते ५, डाव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ६ ते १० असे क्रमांक द्या. दोनदोन बोटांच्या पाच जोड्या झाल्या. पहिल्या जोडीतल्या चक्राची किंमत १६, दुसऱ्या जोडीत ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज वर लिहायची, विषम क्रमांकांची खाली, आणि दोन्हींत १ मिळवायचा. झाला तुमचा अपूर्णांक.

माझ्या उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर चक्र आहे. अनामिका क्रमांक ४, म्हणजे वर ८ अधिक १. अंगठा क्रमांक १, म्हणजे खाली १६ अधिक १. मी ९/१७. ज्याच्या एकाही बोटावर चक्र नाही तो १/१. दहाही बोटांवर चक्र असलेला ३२/३२. आपल्याकडे अशा माणसाला चक्रवर्ती होशील म्हणत. हेन्रींच्या कचेरीत त्याला शेवटचा कप्पा मिळाला असता.

वरचा आकडा १ ते ३२, खालचाही १ ते ३२. गुणाकार १०२४. भिंतीवर ३२ ओळी आणि ३२ रकान्यांचं कपाट, आणि लाखभर कागदांतला प्रत्येक कागद त्यातल्या एकाच ठरलेल्या कप्प्यात. १६, ८, ४, २, १ या आकड्यांची कुठलीही बेरीज एकाच रीतीने सुटते, म्हणून नुसत्या ९/१७ वरून कोणत्या बोटांवर चक्र आहे तेही परत सांगता येतं. हे तर द्विमान पद्धतीचे आकडे, ज्यांवर आजचा संगणक चालतो. दोन सबइन्स्पेक्टरांनी ते लाकडी कपाटात चालवले, याचं मला आजही नवल वाटतं. १/१ सारख्या गर्दीच्या कप्प्यांत मग फासातल्या रेघा मोजून आणखी पोटभाग पाडत.

१८९७ साली कोलकात्यात रायटर्स बिल्डिंगमध्ये जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झालं. १९०१ साली हीच पद्धत स्कॉटलंड यार्डने घेतली. तिला नाव मिळालं ‘हेन्री पद्धत’. हे नाव मला खटकतं. खुद्द हेन्रींनी म्हातारपणी लिहून दिलं की आपल्या माणसांत हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता. सरकारने दोघांना किताब आणि रोख बक्षीस दिलं, पण पाठ्यपुस्तकांत नाव हेन्रींचंच राहिलं. आज ब्रिटनमधल्या ठसेतज्ज्ञांची संस्था हक आणि बोस यांच्या नावाने संशोधन पुरस्कार देते. आपल्या शाळांतही हे गणित त्यांच्या नावाने शिकवायला हवं.

या पद्धतीची परीक्षा लगेचच झाली. जलपैगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला, पेटीतले पैसे गेले. पेटीत निळसर वेष्टनाचं बंगाली पंचांग होतं, त्यावर दोन पुसट तपकिरी डाग. त्यातला एक उजव्या अंगठ्याचा ठसा निघाला. तो जुळला कांगाली चरण या जुन्या नोकराशी, कारण आधीच्या चोरीमुळे त्याचा कागद कप्प्यात होता. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरलं, खुनातून मात्र सोडलं. ठशाने एवढंच सिद्ध होतं की हात तिथे लागला होता. सुरी कुणी चालवली, ते ठसा सांगत नाही. त्या न्यायालयाने राखलेली ही मर्यादा मला फार मोलाची वाटते. २००४ साली माद्रिदच्या स्फोटांनंतर एका पिशवीवरच्या अर्धवट ठशावरून अमेरिकेच्या एफबीआयने भलत्याच माणसाला अटक केली होती. दहा बोटांचे शाईत नीट घेतलेले ठसे वेगळे आणि पिशवीवर सापडलेला तुकडा वेगळा.

या रेघा येतात कुठून? आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भाच्या बोटांची टोकं फुगीर असतात. एडिंबरा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली दाखवलं की रेघा तीन जागांहून लाटांसारख्या पसरत येतात: फुगवट्याच्या मधून, नखाखालून आणि पेऱ्याच्या घडीपासून. लाटा कुठे भेटतात त्यावर चक्र की फास की कमान ते ठरतं. एकमेकांना थोपवणारे आणि चेतवणारे रेणू या रेघा आखतात, झेब्र्याचे पट्टे आखले जातात तसेच. बारीकसारीक फरक इतके असतात की जुळ्यांचेही ठसे वेगळे. आणि आराखडा कातडीच्या खालच्या थरात असल्यामुळे वरचा थर झिजला तरी तो हरवत नाही.

हे मी आईच्या हातावर पाहिलं. तिचा जन्म शेतात गेला. रेशन दुकानात यंत्रावर तिचा अंगठा उठायचा नाही. पुसून, फुंकर मारून, तेल लावून पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला दुकानदार म्हणायचा, ‘मावशी, उद्या या.’ भिंगातून पाहिलं तर अंगठ्याच्या मधोमध नुसता गुळगुळीत चट्टा, रेघा फक्त कडेला. मग तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना विळा, भांडी, माती सगळं बंद. त्यानंतर दुकानात गेलो तेव्हा अंगठा पहिल्याच खेपेला उठला. घरी येऊन मी तो शाईत बुडवून कागदावर घेतला. चट्ट्याच्या जागी बारीक, पूर्ण गोल फिरलेलं चक्र होतं.