एचटीसी

एचटीसी ही मोबाइल फोन आणि आभासी वास्तवाची (व्हर्च्युअल रिॲलिटी) उपकरणे बनवणारी तैवानमधील कंपनी असून तिचे मुख्यालय ताओयुआन येथे आहे. ‘हाय टेक कॉम्प्युटर’ या मूळ नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा बाजारातला पहिला फोन हिने बनवला. २०११ मध्ये अमेरिकेत ती काही काळ स्मार्टफोन विक्रीत पहिल्या क्रमांकावर होती. २०१३ मध्ये ती तोट्यात गेली आणि ॲपल व सॅमसंग यांच्यापुढे तिला पुन्हा डोके वर काढता आले नाही. फोन वाईट होते म्हणून असे झाले, असे मात्र म्हणता येत नाही. तिचा सर्वांत सुंदर फोन आला तो याच पडझडीच्या वर्षात.

१९९७ मध्ये चेर वांग, एच. टी. चो आणि पीटर चौ यांनी कंपनी स्थापन केली. चेर वांग या फॉर्मोसा प्लास्टिक्स या बलाढ्य उद्योगाचे संस्थापक वांग युंग-चिंग यांच्या कन्या. चो आणि चौ दोघेही डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीतून आलेले. सुरुवातीचा लॅपटॉपचा धंदा जमेना, तेव्हा त्यांनी हातात मावणाऱ्या संगणकांकडे मोर्चा वळवला. २००० साली आलेला कॉम्पॅकचा आयपॅक हा हातसंगणक एचटीसीने घडवला होता. वर नाव कॉम्पॅकचे. पुढे ओटू, ऑरेंज अशा युरोपीय दूरसंचार कंपन्यांसाठी विंडोजवर चालणारे फोनही तिने याच रीतीने बनवले. वापरणाऱ्याला आपला फोन कोणी घडवला याचा पत्ता नसे. २००६ पासून ती स्वतःच्या नावाने फोन विकू लागली. कारागिरीत तिचा हात धरणारे थोडेच होते, पण आपले नाव लोकांच्या तोंडी बसवायची सवय तिला नव्हती. ही उणीव पुढे फार महागात पडली.

सप्टेंबर २००८ मध्ये एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी१, जाहीर झाला. त्याचा पडदा बोटाने ढकलला की किंचित कमानीत वर सरकायचा आणि खाली पूर्ण कळफलक उघडायचा. इअरफोनसाठी नेहमीचे गोल छिद्र नव्हते, दिसायलाही फोन जरा ओबडधोबडच होता. पण आज जगातले बहुतेक स्मार्टफोन ज्या प्रणालीवर चालतात ती लोकांच्या हातात पहिल्यांदा पोहोचली ती या फोनमधून. २००९ च्या हीरो या फोनपासून एचटीसीने अँड्रॉइडवर ‘सेन्स’ हा स्वतःचा साज चढवला. मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि खाली हवामान, हे त्याचे मुखपृष्ठ अनेकांच्या अजून लक्षात असेल. जानेवारी २०१० मध्ये आलेला गूगलचा पहिला नेक्सस फोन, नेक्सस वन, हाही एचटीसीनेच बनवला. एप्रिल २०११ मध्ये कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ३४ अब्ज डॉलर झाले आणि नोकियाला तिने मागे टाकले. त्या महिन्यात तिच्या शेअरने १,३०० न्यू तैवान डॉलरचा उच्चांक गाठला.

या भरभराटीच्या पोटातच घसरणीची कारणे होती. एचटीसीच्या फोनमध्ये प्रणाली गूगलची, प्रोसेसर क्वालकॉमचा, पडदा दुसऱ्या कोणाचा, आणि अमेरिकेत विक्री दूरसंचार कंपन्यांच्या दुकानांतून. २०१० मध्ये याचा पहिला चटका बसला. एचटीसीचा डिझायर आणि नेक्सस वन या फोनांचे ॲमोलेड जातीचे पडदे सॅमसंगकडून येत. ते पुरेनासे झाले तेव्हा चालू उत्पादनात पडदाच बदलून सोनीचे एलसीडी वापरावे लागले. सॅमसंग स्वतः फोन विकत होती, पडदे आणि स्मृतिचिपाही बनवत होती. ज्याच्याशी झुंजायचे त्याच्याच दारात मालासाठी उभे राहायचे, अशी ही अवस्था होती.

दुसरा घाव पेटंटांचा. मार्च २०१० मध्ये ॲपलने खटला भरला. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने एका पेटंटावर ॲपलच्या बाजूने निकाल दिला. ते पेटंट होते मजकुरातला फोन क्रमांक ओळखून त्यावर बोट ठेवताच तो लावता येण्याच्या सोयीचे. या एवढ्याशा सोयीपायी मे २०१२ मध्ये वन एक्स आणि इव्हो या नव्या फोनांची खेपच अमेरिकी सीमाशुल्क खात्याने तपासणीसाठी अडवून धरली. सॅमसंगचा गॅलक्सी एस३ बाजारात उतरत होता तो नेमका याच दिवसांत. नोव्हेंबर २०१२ मध्ये दहा वर्षांच्या परवाना कराराने ॲपलशी तडजोड झाली, तोवर हातचे वर्ष निघून गेले होते. नावांचा गोंधळही कमी नव्हता: वन एक्स, वन एस, वन व्ही, शिवाय अमेरिकेत प्रत्येक दूरसंचार कंपनीने दिलेले वेगळेच नाव. गॅलक्सी हे एकच नाव सगळीकडे दुमदुमत असताना एचटीसीचा ग्राहक नेमके काय मागायचे या विचारात पडे. प्रतिस्पर्धी जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओततात आणि आपण त्यात कमी पडलो, हे पीटर चौ यांनीही जाहीरपणे मान्य केले.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेला एचटीसी वन (सांकेतिक नाव एम७) हा जिद्दीने केलेला प्रयत्न होता. ॲल्युमिनियमच्या अखंड तुकड्यातून त्याचे कवच कोरून काढत. अँटेनासाठी धातूत खाचा ठेवाव्या लागतात. त्यांत प्लास्टिक ओतून पुन्हा घासत, इतके की नखालाही सांधा लागू नये. एका कवचाला यंत्रावर २०० मिनिटे लागतात, असे कंपनी सांगे. पडद्याच्या वर आणि खाली, ऐकणाऱ्याच्या दिशेने तोंड केलेले दोन स्पीकर होते. कॅमेरा फक्त ४० लाख पिक्सेलचा होता. पिक्सेल कमी पण आकाराने मोठे घेतले, म्हणजे प्रत्येकावर जास्त प्रकाश पडतो आणि अंधारात फोटो चांगला येतो, असा त्यामागचा विचार. तो तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता. पण दुकानात शेजारी ठेवलेल्या गॅलक्सी एस४ वर १ कोटी ३० लाखांचा आकडा होता, आणि ग्राहक आकडा बघून खरेदी करत होता. मोठ्या पिक्सेलमागचा विचार चार शब्दांत पटवून देणे एचटीसीला जमले नाही.

त्यातच सुटे भाग वेळेवर मिळेनात. कॅमेऱ्याच्या भागांच्या टंचाईमुळे अमेरिकेत विक्री १९ एप्रिलपर्यंत लांबली आणि एस४ च्या आधी मिळालेली सवड जवळजवळ सगळी वाया गेली. नेदरलँड्समध्ये नोकियाने न्यायालयात धाव घेतली, कारण या फोनमधला मायक्रोफोन पुरवठादाराने केवळ नोकियासाठी बनवलेला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये हाच फोन सर्वोत्तम स्मार्टफोन ठरला. त्याआधीच, २०१३ च्या तिसऱ्या तिमाहीत, कंपनीने शेअर बाजारात नोंद झाल्यापासूनचा पहिला तिमाही तोटा जाहीर केला होता.

नंतरची वाट उताराचीच. हॉलिवूड अभिनेता रॉबर्ट डाउनी ज्युनियरला घेऊन केलेल्या जाहिरातींनी खप वाढला नाही. बीट्स या हेडफोन कंपनीत २०११ मध्ये ३० कोटी ९० लाख डॉलरला घेतलेला हिस्सा दोन वर्षांत विकून टाकावा लागला. मार्च २०१५ मध्ये चौ पायउतार झाले आणि चेर वांग यांनी स्वतः सूत्रे घेतली. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीचे बाजारमूल्य तिच्याकडच्या रोख रकमेच्याही खाली गेले. कारखाने, पेटंट आणि नाव यांची किंमत बाजाराने शून्यात काढली, असा त्याचा अर्थ. १५ टक्के कर्मचाऱ्यांची कपात झाली. स्वस्त फोनांत शाओमी, ह्वावे अशा चिनी कंपन्यांनी खालून रेटा दिला, त्यामुळे त्या बाजूनेही आसरा उरला नाही.

२०१६ मध्ये वाल्व्ह या व्हिडिओ गेम कंपनीच्या साथीने आणलेला व्हाइव्ह हा आभासी वास्तवाचा हेडसेट नावाजला गेला, तरी फोनच्या धंद्याची भरपाई त्यातून झाली नाही. गूगलचा पहिला पिक्सेल फोनही त्याच वर्षी एचटीसीने बनवला. कंपनी जिथून निघाली होती तिथेच, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने फोन घडवण्यावर, परत आली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलने १.१ अब्ज डॉलर देऊन सुमारे २,००० अभियंत्यांचा चमू आपल्याकडे घेण्याचा करार केला. एचटीसी तैवानमध्ये आजही अधूनमधून फोन काढते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने २५ कोटी डॉलरला व्हाइव्ह विभागातील काही अभियंतेही घेतले. गूगलचे अमेरिकेबाहेरील सर्वांत मोठे हार्डवेअर केंद्र तैवानमध्ये आहे.