नदी वर, शेत खाली

इंग्लंडला आलेल्या पाहुण्यांना लोक लेक डिस्ट्रिक्ट दाखवतात, स्कॉटलंड दाखवतात, पण माझ्या बाबांचे गुडघे दोन वर्षांपासून संपावर आहेत त्यामुळे या वेळी मी त्यांना विकेनला नेलं. केंब्रिजच्या ईशान्येला पंचवीसेक किलोमीटरवर हे छोटंसं गाव, एक चर्च, एक पब, एक तळं आणि मग क्षितिजापर्यंत सपाटी. ग्रुपवर फोटो टाकला तर सह्याद्री पालथा घालणारे मित्र म्हणाले अरे यात चढ कुठंय. नाहीच आहे, तेच तर हवं होतं. गावालगतच्या विकेन फेनमध्ये (फेन म्हणजे इथली दलदल) सव्वा किलोमीटरची बोर्डवॉक आहे म्हणजे दलदलीवर फळ्या टाकून केलेली वाट, व्हीलचेअरसुद्धा जाते, आणि त्यापुढे हवं तितकं चालता येईल अशा बांधांवरच्या गवताच्या वाटा.

आता यात विज्ञान काय असं वाटेल. मलाही वाटलं नव्हतं, पण बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. आम्ही बर्वेल लोडच्या काठावर आलो (लोड म्हणजे इथला जुना कालवा, यातले काही थेट रोमन काळातले असावेत असं मानतात) आणि बाबा थांबले. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला शेत, मध्ये आम्ही. बाबांनी पाण्याकडे बघितलं, शेताकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, पाणी वर आहे आणि शेत खाली. हा सिंचनाचा कालवा आहे का?" मी म्हटलं नाही बाबा, हा ड्रेनेजचा आहे, शेतातलं पाणी यात टाकतात. तर म्हणाले, "मग हे उलटं झालं. चर शेतापेक्षा खाली असतो, पाणी काय डोंगर चढणार?"

बरोबर बोलले. पाणी चढतच नाही, त्याला चढवावं लागतं. का ते कळायला साधारण चारशे वर्षं मागे जावं लागतं.

हा सगळा भाग म्हणजे फेन्स, पूर्व इंग्लंडातला सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचा पट्टा. पूर्वी ही सगळी दलदल, हिवाळ्यात पाणीच पाणी, मधूनमधून मातीची टेकाडं आणि त्यावर गावं. इली शहर असंच एका टेकाडावर वसलंय, आजही लोक त्याला आयल ऑफ इली म्हणजे इली बेट म्हणतात, आणि नावात जो ईल आहे तो आपला वाम मासा, इतका मुबलक मिळायचा. लोक मासे धरायचे, बदकं मारायचे, छपरांसाठी लव्हाळं कापायचे आणि हिवतापाने थडथडायचे. हो, मलेरिया, इंग्लंडात! त्यावर घरगुती उपाय म्हणून अफूच्या बोंडांचा चहा प्यायचे.

१६३० च्या दशकात अर्ल ऑफ बेडफर्ड आणि त्याच्या जोडीदारांनी ही दलदल सुकवून शेती करायचा घाट घातला. हे जे पैसे लावणारे होते त्यांना ॲडव्हेंचरर्स म्हणायचे कारण ते भांडवलाचं साहस करत होते, विकेनच्या एका भागाचं नाव अजून ॲडव्हेंचरर्स फेन आहे. त्यांनी कॉर्नेलियस फर्मायडन नावाचा मूळचा हॉलंडचा इंजिनियर गाठला. त्याची आयडिया बाबांना एका वाक्यात पटली. इथली ऊझ नदी समुद्राकडे जाताना इतकी वळणं घेते की ढाळ जवळपास शून्य होतो, पाणी रेंगाळतं आणि पसरतं. वळणं टाळून सरळ रेषेत कालवा काढला की उंचीतला फरक तेवढाच पण अंतर कमी, म्हणजे ढाळ वाढला, पाणी पळालं. तसे ३४ किलोमीटरचे दोन नाकासमोर कालवे त्यांनी खणले, पहिला १६३७ मध्ये आणि दुसरा १६५१ च्या सुमारास. नकाशावर बघा, पट्टी ठेवून मारलेल्या रेघा वाटतात.

इथपर्यंत हिशोब बरोबर होता. चूक मातीत झाली, कारण ती माती नव्हतीच.

फेन्सच्या मोठ्या भागात पीट आहे. पीट म्हणजे अर्धवट कुजलेलं गवत, शेवाळ, लव्हाळं. साधारणपणे झाडपाला पडला की बुरशी आणि जिवाणू तो फस्त करतात, पण त्यांना ऑक्सिजन लागतो आणि साचलेल्या पाण्यात तो जवळपास नसतोच, म्हणून कुजणं अर्ध्यात अडकतं आणि थरावर थर चढत जातो. वेग किती, तर ढोबळ वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे माणसाच्या अख्ख्या आयुष्यात बोटभर. बांधाच्या कडेला शेतात थोडं सुकं पीट होतं ते बाबांनी मुठीत घेतलं, काळं कुळकुळीत, आपल्या काळ्या रानासारखंच दिसतं, पण वजनच नाही, हातात चहाची पावडर धरल्यासारखं. मूठ उघडली आणि अर्धं वाऱ्याने नेलं. वसंतात नांगरट झाल्यावर जोराचा वारा सुटला तर अख्ख्या शेतांची अशी धूळ उठते, त्याला इथे फेन ब्लो म्हणतात.

तर अशा पीटमधून पाणी काढलं की काय होतं? आधी तो ओल्या स्पंजसारखा पिळून बसतो. हे लवकर होतं. मग रिकाम्या झालेल्या भोकांत हवा शिरते, हजारो वर्षं उपाशी बसलेल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळतो आणि ते राहिलेलं जेवण संपवायला घेतात. त्या जेवणातला कार्बन सीओटू होऊन हवेत जातो. म्हणजे जमीन नुसती दबत नाही, ती अक्षरशः उडून जाते. नदीच्या तळात मात्र गाळ असतो, तो असा आटत नाही, आणि काठांवर माती टाकून भराव करत राहतात, त्यामुळे नदी आहे तिथेच राहिली आणि शेत खाली खाली गेलं. बाबांना दिसलेलं उलटं चित्र ते हेच.

मग उपसा आला. आधी पवनचक्क्या, मग १८२० च्या दशकापासून वाफेची इंजिनं, मग डिझेल, आता वीज. विकेनहून जवळच स्ट्रेटमला १८३१ चं वाफेचं इंजिन जपून ठेवलंय, त्याला पाणी उचलणारं एक प्रचंड चाक आहे. सुरुवातीला त्याचा व्यास होता २९ फूट. जमीन खचली तसं पाणी अजून खालून उचलावं लागलं म्हणून १८५० मध्ये ३३ फुटांचं बसवलं, १८९६ मध्ये ३७ फुटांचं. जितका उपसा तितकी जमीन खाली, जितकी जमीन खाली तितका उपसा जास्त. बाबा म्हणाले, आपल्याकडे बोअरवेलचं चाललंय तेच की.

विकेन फेन या सगळ्यातून निसटलेला तुकडा आहे. लव्हाळं कापायला गावाला लागायचं म्हणून तो सुकवलाच नाही, आणि १८९९ मध्ये नॅशनल ट्रस्टने (निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणारी इथली संस्था) इथली पहिली दोन एकर घेतली, दहा पौंडांना. (त्याच वर्षी रँग्लर परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, संबंध काही नाही, पण मराठी माणसाला १८९९ आणि केंब्रिज म्हटलं की आठवणारच.) आजूबाजूची शेतं खचत गेली आणि हा ओला तुकडा तसाच राहिला, त्यामुळे आज दलदल उंचावर आणि कोरडं शेत खाली. आता उलट या दलदलीतलं पाणी गळून जाऊ नये म्हणून धडपड करावी लागते. बोर्डवॉकजवळ एक छोटी काळी लाकडी पवनचक्की आहे, १९१२ ची. पीट खणणाऱ्यांची जागा कोरडी ठेवायला बांधली होती, नंतर इकडे हलवली आणि कामाला लावली ती फेनमध्ये पाणी चढवायला! मला हे भारी आवडलं.

खचण्याचं सगळ्यात सरळ माप बघायचं तर मात्र होमला जावं लागतं, पीटरबरोच्या दक्षिणेला. तिथे व्हिटलसी मिअर म्हणून मोठं तळं होतं, ते १८५१ मध्ये उपसून टाकलं. जमीन खचणार हे तिथल्या जमीनदाराला कळलं होतं म्हणून त्याने एक लोखंडी खांब खाली चिकणमातीपर्यंत गाडला, वरचं टोक जमिनीशी बरोबर लेव्हल. पहिल्या दहा-बारा वर्षांतच दीड मीटरच्या आसपास खांब उघडा पडला. आज चार मीटर बाहेर आहे. वरचा वर्षाला एक मिलिमीटरचा हिशोब लावा, चार हजार वर्षांची जमीन पावणेदोनशे वर्षांत. आजूबाजूला चंदेरी सालीच्या बर्चचं सुंदर जंगल वाढलंय, वाट एकदम सोपी, आणि तुम्ही समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली उभे असता. ट्रेकवाल्यांना सांगा, नकाशात उंचीचा आकडा वजा चिन्हासकट आहे.

हे फक्त इथल्या शेतकऱ्यांचं दुखणं नाही. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के पीट आहे, पण त्यात जगातल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन आहे. म्हणून होमच्या आसपास आता शेतं विकत घेऊन परत भिजवतायत. भाजीपाल्याची इतकी सुपीक जमीन पाण्याखाली घालायची म्हणजे लोक चिडणारच, आणि मला त्यांचंही पटतं.

सपाटीचा अजून एक किस्सा. त्या सरळ कालव्यांपैकी जुन्यावर, वेल्नी गावापाशी, १८३८ मध्ये सॅम्युअल रोबॉटम नावाचा माणूस पाण्यात उभा राहिला, डोळे पाण्याच्या वर फक्त वीतभर, आणि सहा मैलांवर जाणारी होडी दिसत राहिली म्हणून त्याने जाहीर केलं की पृथ्वी सपाट आहे. पृथ्वी गोल असेल तर ती दिसायला नको हे त्याचं गणित चुकीचं नव्हतं. चुकला तो हवेला. थंड पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा दाट असते, तिच्यातून जाणारा प्रकाश खाली वाकतो आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत जातो. तापल्या डांबरी रस्त्यावर जे मृगजळ दिसतं त्याच्या बरोबर उलट प्रकार. १८७० मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने, डार्विनबरोबर उत्क्रांती मांडणारा तोच, ५०० पौंडांच्या पैजेवर हे खोडून काढलं. तो तरुणपणी सर्व्हेयर होता, त्यामुळे पाण्यालगत न बघता दुर्बीण पुलाच्या कठड्यावर चार मीटर उंच ठेवली, पलीकडच्या पुलावर तेवढ्याच उंचीला खूण, आणि मध्यावर तेवढ्याच उंचीची काठी. मधली काठी वर आलेली दिसली, म्हणजे मध्ये फुगवटा. पंचाने निकाल वॉलेसला दिला, पण समोरचा जॉन हॅम्पडेन ऐकेना, वॉलेसच्या बायकोला धमकीची पत्रं पाठवली, बदनामीसाठी तुरुंगातही गेला, आणि पैज कायद्याने वसूल होत नाही म्हणून शेवटी वॉलेसला पैसे परत द्यावे लागले. सपाट पृथ्वीवाल्यांशी वाद घालू नये हे तेव्हाच ठरलं होतं.

वाटांबद्दल एवढंच सांगतो की पिवळा बाण दिसला की ती पायवाट सार्वजनिक, मग ती कुणाच्या गव्हातून का जाईना, मालकाला अडवता येत नाही. हिवाळ्यात गमबूट घाला, ओलं पीट बुटाला गुळासारखं चिकटतं.

होमहून खांबाकडे जाताना रेल्वे फाटक लागतं, लंडन-एडिंबराची मेन लाइन. फाटक पडलं, आम्ही कडेला थांबलो, गाडी धडाडत गेली आणि पायाखालची जमीन चक्क हलली. बाबांनी विचारलं, या असल्या जमिनीवर रूळ टिकवले कसे? मी सांगितलं, १८५० च्या आधी काटक्यांच्या मोळ्यांचे थर पीटमध्ये बुडवत गेले आणि त्यावर लाइन टाकली. "म्हणजे गाडी मोळ्यांवर उभी आहे?" हो. बाबांनी एकदा रुळांकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.