फेस्पाको ते ब्लॅकस्टार: फिल्म कोण पाठवू शकतं आणि अर्ज कसा करायचा

माझं मूळ काम सबटायटलचं. त्याच्या शेपटाला धरून महोत्सवांचे फॉर्म भरून देण्याचं कामही कधी येऊन चिकटलं, ते कळलंच नाही. पुण्यात आफ्रिकेतल्या देशांमधून शिकायला आलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यातली काही हातात कॅमेरा घेतात, वीस मिनिटांची फिल्म करतात आणि मग विचारतात, ही पाठवायची कुठे? दुसऱ्या बाजूने आपल्याकडचे निर्माते आणि संकलक येतात. त्यांनी सिद्दी समाजावर, म्हणजे भारतात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आफ्रिकन वंशाच्या लोकांवर, माहितीपट केलेला असतो, आणि "आफ्रिकन महोत्सवात आपल्याला घेतील का हो?" हा त्यांचा प्रश्न असतो.

दोघांनाही आधी एकच सांगतो. लिंक, पोस्टर, फी या गोष्टी नंतर. या महोत्सवांत पहिली चाळणी लागते ती "फिल्म कोणाची?" या प्रश्नाची, आणि प्रत्येक महोत्सव त्याचं उत्तर आपापल्या पद्धतीने लावतो. तिथे चुकलात तर बाकीचा फॉर्म कितीही नेटका भरा, उपयोग नाही.

फेस्पाको: दिग्दर्शक कुठला ते पाहतात

आफ्रिकन सिनेमाचा सर्वात मानाचा महोत्सव म्हणजे बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू इथला फेस्पाको. 1969 साली तो आफ्रिकन चित्रपटांचा एक आठवडा म्हणून सुरू झाला. आज तो दर दोन वर्षांनी, विषम वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटी भरतो. कोविडमुळे 2021 ची आवृत्ती ऑक्टोबरात गेली, तो अपवाद. 2025 ला 29 वी आवृत्ती झाली, म्हणजे पुढची पाळी 2027 ची.

सर्वोच्च पुरस्काराचं नाव 'येनेंगाचा सुवर्ण अश्व'. येनेंगा ही मोसी लोकांच्या आख्यायिकेतली घोडेस्वार राजकन्या. बापाने लग्न करू दिलं नाही म्हणून घोड्यावर बसून निघून गेलेली. तिच्या मुलाचं नाव वेद्राओगो, म्हणजे घोडाच. बुर्किनात आज हे आडनाव आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतकं सर्रास सापडतं. पुरस्काराची रक्कम 2 कोटी सीएफए फ्रँक, म्हणजे साधारण 30 हजार 500 युरो. 2025 ला हा अश्व दानी कुयाते यांच्याकडे गेला. यजमान देशाच्या दिग्दर्शकाला तो मिळायला 1997 नंतर इतकी वर्षं लागली. घरचा महोत्सव असला तरी घरच्यांना झुकतं माप नाही, हे मला यातलं आवडतं.

पात्रतेचं मूळ सूत्र असं, की दिग्दर्शक आफ्रिकन देशाचा नागरिक हवा किंवा आफ्रिकन डायस्पोरातला, म्हणजे आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या आफ्रिकन वंशाच्या लोकांपैकी. निर्माता फ्रेंच असो, पैसा जर्मन असो, चित्रीकरण कोथरूडला झालेलं असो, त्याने बाद होत नाही. उलट, भारतीय दिग्दर्शकाने नैरोबीत जाऊन कितीही मनापासून फिल्म केली तरी ती इथे बसत नाही. डायस्पोरातल्या फिल्मसाठी इथे अमेरिकन कृष्णवर्णीय गायक-अभिनेते पॉल रॉबसन यांच्या नावाचा पुरस्कारही दिला जातो.

नागरिकत्वाच्या पुराव्यासाठी दिग्दर्शकाच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचं स्वच्छ स्कॅन ठेवा. डायस्पोरातला असेल तर प्रश्न येतो की दाखला कसला द्यायचा. इथे तहसीलदार नाही आणि जात पडताळणी समितीही नाही. दिग्दर्शकाने आपल्या परिचयात आपलं मूळ सरळ दोन वाक्यांत लिहायचं, एवढंच. लोक नेमकं तिथेच संकोचतात आणि "जागतिक नागरिक" वगैरे लिहून बसतात. तसं करू नका. निवड समितीला जे कळायला हवं ते परिचयाच्या पहिल्याच ओळीत असू द्या.

अर्ज महोत्सवाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि प्रवेश विनामूल्य आहे. कथापट, माहितीपट, लघुपट, ॲनिमेशन, मालिका असे वेगवेगळे विभाग आहेत. एका फिल्मला एकच विभाग निवडा. फिल्म कधीनंतर पूर्ण झालेली असावी ती तारीख प्रत्येक आवृत्तीच्या नियमावलीत नव्याने येते. गेल्या वेळची नियमावली मित्राकडून घेऊन फॉर्म भरणारे मी पाहिलेत, आणि त्यांची फिल्म दोन महिन्यांच्या फरकाने बाद झालेलीही पाहिली.

लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क

अमेरिकेतलं गणित वेगळं. लॉस एंजेलिसचा पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हल 1992 साली सुरू झाला. संस्थापकांमध्ये अभिनेते डॅनी ग्लोव्हर आहेत. तो फेब्रुवारीत, म्हणजे अमेरिकेतल्या ब्लॅक हिस्टरी मंथमध्ये भरतो. इथे फिल्म आफ्रिकन वंशाच्या लोकांनी केलेली किंवा त्यांच्याविषयीची असावी लागते. या 'किंवा'मध्ये पुष्कळ दारं उघडतात. सिद्दींवरचा माहितीपट इथे विषयाच्या बळावर जाऊ शकतो, दिग्दर्शक मराठी असला तरी.

ब्लॅकस्टार हा फिलाडेल्फियातला, 2012 पासूनचा, ऑगस्टच्या सुरुवातीला भरणारा. तो कृष्णवर्णीय, तपकिरी आणि मूलनिवासी कलावंतांसाठी आहे, जगातल्या कुठल्याही देशातले असोत. तपकिरी म्हणजे आपणही आलो. मराठी दिग्दर्शकाने हा महोत्सव निदान वाचून तरी पाहावा. मात्र तिथे प्रयोगशील, धाडसी मांडणीला मान आहे. सरळसोट मुलाखती जोडून केलेला माहितीपट पाठवून फी वाया घालवू नका, हे माझं स्पष्ट मत.

वरचे दोन्ही महोत्सव लघुपटांसाठी ऑस्करच्या पात्रता यादीत आहेत. म्हणजे तिथे ठरावीक पुरस्कार मिळाला तर लघुपट ऑस्करच्या विचारार्थ पाठवता येतो. न्यूयॉर्कचा आफ्रिकन डायस्पोरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 1993 पासून चालू आहे. तो नोव्हेंबर-डिसेंबरात असतो, आणि जगभरच्या कृष्णवर्णीयांच्या आयुष्यावरच्या फिल्म तिथे दाखवल्या जातात.

टांझानियातल्या झांझिबार बेटाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथला महोत्सव स्वतःला 'धाऊ देशांचा महोत्सव' म्हणवतो. धाऊ म्हणजे ती शिडाची गलबतं, जी मोसमी वाऱ्यावर पूर्व आफ्रिका, अरबस्तान आणि आपला पश्चिम किनारा यांच्यात ये-जा करायची. म्हणून हिंदी महासागराभोवतीचे देश, भारतासह, इथे घरचेच मानले जातात. स्वाहिलीत मोटारीला 'गारी' म्हणतात, ती आपलीच गाडी. ज्या किनाऱ्यावर मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी नवाब होऊन गेले, तिथल्या गोष्टीला या महोत्सवात वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला राहणाऱ्या सिद्दींच्या बोलीत कोकणी-मराठी भरपूर आहे. तिथे कोणी सिद्दी मुलगा किंवा मुलगी स्वतः फिल्म करत असेल, तर वरच्या सगळ्या महोत्सवांना डायस्पोराचा दिग्दर्शक म्हणून थेट अर्ज करावा. आपण निर्माते किंवा संकलक म्हणून मागे राहावं. पात्रतेच्या दृष्टीने तर हे सोयीचं आहेच, आणि ते योग्यही आहे.

फॉर्ममध्ये काय काय लागतं

अमेरिकन महोत्सवांचे अर्ज बहुतेक फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून जातात. खातं उघडायला पैसे पडत नाहीत. तिथे फिल्मचं एक पान तयार करायचं आणि त्याच पानावरून हव्या त्या महोत्सवांना अर्ज धाडायचा. मूळ नाव आणि इंग्रजी नाव, सारांश, दिग्दर्शकाचं मनोगत, परिचय, श्रेयनामावली, लांबी, पूर्ण झाल्याची तारीख, भाषा, चित्रीकरणाचा देश, मूळ देश. शेवटच्या दोन रकान्यांत घोळ होतो. चित्रीकरणाचा देश म्हणजे कॅमेरा जिथे चालला तो. मूळ देश म्हणजे निर्मिती जिथली ती. केनियाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या पैशाने पुण्यात केलेल्या फिल्मला आम्ही मूळ देश केनिया आणि चित्रीकरण भारत असं लिहिलं. निर्मितीचा करार पुण्यातल्या संस्थेशी असता तर दोन्ही देश लिहावे लागले असते.

सारांश तीन आकारांत लिहून ठेवा: एका वाक्याचा, पन्नास शब्दांचा, दीडशे शब्दांचा. फेस्पाकोसाठी हे सगळं फ्रेंचमध्येही हवं. बुर्किनाने अलीकडे संविधानात बदल करून फ्रेंचला राजभाषेवरून कामकाजाच्या भाषेवर आणलं, पण निवड समितीचं कामकाज चालतं ते फ्रेंचमध्येच. सबटायटल इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही तयार असतील तर उत्तम. फ्रेंच फाइल जतन करताना एन्कोडिंग युटीएफ-8 ठेवा, नाहीतर अक्षरांवरच्या मात्रांच्या जागी चौकोन आणि कचरा उमटतो. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये उघडल्यावर जे दिसतं, अगदी तेच.

फिल्मची लिंक पासवर्डची असावी, आणि निकाल लागेपर्यंत लिंकही बदलायची नाही, पासवर्डही नाही. यूट्यूबवर सर्वांना दिसेल अशी फिल्म टाकू नका. काही महोत्सवांना प्रीमियर हवा असतो, आणि एकदा सार्वजनिक झालेली फिल्म परत 'न दाखवलेली' करता येत नाही.

आता संगीत. वर म्हटलेल्या केनियन मुलाच्या फिल्ममध्ये एक सुंदर प्रसंग होता. रात्री शिवाजीनगरहून रिक्षा निघते, मागे बसलेला मुलगा आईशी फोनवर स्वाहिलीत बोलतोय, आणि रिक्षावाल्याच्या स्पीकरवर जुनं हिंदी गाणं चाललंय. सगळ्यांना तो प्रसंग प्यारा. फॉर्ममध्ये एक खूण करायची असते की फिल्ममधल्या सर्व संगीताचे हक्क तुमच्याकडे आहेत. आम्ही त्या गाण्याची परवानगी विचारली. जो आकडा कळला तो पूर्ण फिल्मच्या खर्चापेक्षा जास्त होता. शेवटी फोनवरचं बोलणं ठेवून गाणं काढलं आणि रिक्षाच्या इंजिनाचा, पावसाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून बसवला. दिग्दर्शक आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. पण खूण खोटी केली असती तर निवड झाल्यावर फिल्म मागे घ्यायची पाळी आली असती. पार्श्वभूमीला वाजणारं गाणंही गाणंच असतं, हे चित्रीकरणाच्या दिवशीच ध्यानात ठेवा.

संगीतकाराचं लेखी पत्र, कलाकारांची संमतीपत्रं, लहान मुलं असतील तर पालकांची सही, आणि जुन्या चित्रफिती वापरल्या असतील तर त्यांचा परवाना, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. अर्जासोबत बहुधा मागत नाहीत, निवड झाली की मागतात, आणि मग हातात चार दिवस असतात. परदेशातल्या महोत्सवासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. तो कायदा भारतातल्या प्रदर्शनापुरता आहे.

फी आणि वेळापत्रक

फिल्मफ्रीवेवर लवकर, नेहमीची आणि उशिराची अशी फीची चढती भाजणी असते. त्याच फिल्मसाठी शेवटच्या आठवड्यात बरेच जास्त पैसे पडतात. डॉलरमध्ये कार्डाने भरताना व्यवहार अडकला तर आधी बँकेचं ॲप उघडा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करावे लागतात. आमच्याकडे एकदा रात्री पावणेबाराला हे लक्षात आलं होतं.

फी माफ होते का? विचारा. आफ्रिकेत राहणाऱ्या किंवा विद्यार्थी दिग्दर्शकांना अनेक महोत्सव सवलतीचा कोड देतात, पण मुदत संपायच्या बऱ्याच आधी चार ओळींची ईमेल जायला हवी. फिल्म काय, तुम्ही कोण, सवलत का हवी. आपली गरिबी रंगवू नका.

फेब्रुवारीच्या महोत्सवांची दारं आदल्या वर्षीच्या शरदात बंद होतात. मी घरात हिशेब असा ठेवतो, की गणपती उठले की फिल्म आणि कागद दोन्ही तयार हवेत.

निवड झाल्यावर

चित्रपटगृहात दाखवायला डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टरसाठीची फिल्मची डिजिटल प्रत, लागतं. फेस्पाकोच्या मुख्य स्पर्धेला 2015 पूर्वी 35 मिमीची प्रिंट लागायची, आणि तिच्या खर्चानेच कित्येक स्वतंत्र दिग्दर्शक दाराबाहेर राहायचे. आता डिजिटल चालतं. डीसीपी सेकंदाला 24 फ्रेमवर, कुलूप (एन्क्रिप्शन) न लावता करून घ्या आणि एकदा तरी खऱ्या पडद्यावर चालवून पाहा. सबटायटल चित्राच्या खालच्या कडेला कापली जातात, ते लॅपटॉपवर दिसत नाही.

वागाडुगूला स्वतः जाणार असाल तर व्हिसासाठी बुर्किनाचा दूतावास नवी दिल्लीत आहे, आणि महोत्सवाचं निमंत्रणपत्र जोडावं लागतं. तिथल्या सुरक्षेच्या परिस्थितीबद्दल परराष्ट्र मंत्रालयाची सूचना तिकीट काढण्याआधी पाहा. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र दोन्हीकडे लागतं: तिथे उतरताना आणि भारतात परतताना. परतीला ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते, ती प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, आणि केंद्रांचे वार ठरलेले असतात. म्हणून निवडीचं पत्र आलं की विमानाचे दर पाहत बसू नका, आधी लसीची वेळ घ्या.