परदेशात नातेवाईक, गावाकडे जमीन: अमेरिकेचा सिक्युरिटी क्लिअरन्स मिळतो का?

मिळू शकतो. सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी. आई-वडील भारतात आहेत किंवा सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावरून कोणी अर्ज फेटाळत नाही. त्या माणसांच्या किंवा मालमत्तेच्या आडून तुमच्यावर दबाव आणता येईल का, हे तपासलं जातं.

पात्रतेचं थोडक्यात: अर्जदार अमेरिकन नागरिक हवा, ग्रीन कार्डवाल्यांना फक्त अपवादाने मर्यादित परवानगी मिळते. स्वतःहून अर्ज करता येत नाही, सरकारी खात्याने किंवा कंत्राटदार कंपनीने तुमचं नाव पुढे करावं लागतं. त्यानंतर एसएफ-८६ हा लांबलचक फॉर्म ऑनलाइन भरायचा.

भाग १८ मध्ये आई-वडील, सासू-सासरे, भावंडं, मुलं सगळे येतात, हयात नसलेलेही. परदेशी नागरिक असलेल्या नातेवाइकाशी शेवटचं कधी बोललात, फोनवर की प्रत्यक्ष, रोज की महिन्यातून एकदा, तो नोकरी कुठे करतो, तिथल्या सरकारशी, लष्कराशी किंवा गुप्तचर खात्याशी त्याचा संबंध आहे का, हे सगळं विचारतात. बहीण सरकारी शाळेत शिक्षिका असेल तर तसंच लिहा. 'शाळेत काय मोठंसं' म्हणून गाळू नका. चुलत-मामेभावंडं या भागात येत नाहीत, पण गेल्या ७ वर्षांत त्यांच्याशी घट्ट संबंध असतील तर ती भाग १९ मध्ये येतात.

मालमत्तेची खरी परीक्षा भाग २० मध्ये. परदेशात घर-जमीन सध्या आहे का, एवढंच इथे विचारत नाहीत. कधीही होती का आणि पुढे मिळण्याची शक्यता आहे का, हेही विचारतात, आणि जोडीदाराचीसुद्धा. म्हणजे वडिलोपार्जित वाटा आलाच. फॉर्म भरण्याआधी घाईघाईने बक्षीसपत्र करून जमीन भावाच्या नावावर करण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही, कारण नोंद तरीही करावीच लागते आणि वर तारीख बोलकी ठरते.

निर्णय ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या निकषांवर होतो; त्यातला 'ब' निकष परदेशी प्रभावाचा. देश कोणता, नातेवाईक काय करतात, तिथली मालमत्ता तुमच्या अमेरिकेतल्या घर, नोकरी, बचतीच्या मानाने किती, हे तोलतात. इथे संशयाचा फायदा अर्जदाराला मिळत नाही, त्यामुळे पुरावा तुमच्याकडूनच यायला हवा: नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, खरेदीखत किंवा वारसनोंद, अंदाजे किंमत डॉलरमध्ये, परदेशी खात्यांचे तपशील. अशा खात्यांत वर्षभरात कधीही मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा वार्षिक अहवाल, भरलेला असावा. तो राहिला असेल तर प्रकरण नातेवाइकांचं न राहता तुमच्या आर्थिक शिस्तीचं होतं. आणि जाणूनबुजून माहिती लपवली तर तो संघीय गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आक्षेप निघालेच तर कारणांचं लेखी निवेदन येतं. कंत्राटदार कंपनीतल्या अर्जदाराला ते मिळाल्यापासून २० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, सुनावणीही मागता येते. उत्तर मुद्देनिहाय द्या. 'मी देशनिष्ठ आहे' एवढं पुरत नाही.

क्लिअरन्स मिळाल्यावरही परदेशात नवं खातं उघडलं, घर घेतलं किंवा खासगी प्रवास ठरला की सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचं. प्रवासाचं तर तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या.